सगळ्यात लहान दिवसाचा खिळा

पत्रेवाले पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आधी खुर्ची मागितली. मला वाटलं, म्हातारा माणूस, सायकल दामटत आलाय, दमला असेल. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी प्यायले, खुर्ची उचलून मागच्या अंगणात घेऊन गेले, भर उन्हात ठेवली आणि तिच्यावर बसले. सकाळचे आठ वाजले होते. संध्याकाळी सहापर्यंत ते तिथेच होते. मधून उठले ते खुर्ची हातभर इकडे नाहीतर तिकडे सरकवायला, आणि एकदा डबा खायला.

मी टपाल कचेरीत खिडकीमागे बसून एकतीस वर्षं काढली. खिडकीशी आलेल्या माणसाने तोंड उघडायच्या आत तो कामाचा आहे की वेळखाऊ, हे मला ओळखता येतं, असा माझा समज होता. दुपारी दोन वाजता मी मास्तरांना म्हटलं, "अहो, हा माणूस छप्पर घालायला आलाय की ऊन खायला?"

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त झालेत, पण मास्तरकी काही सुटलेली नाही. नवीन घराच्या मागे पडवी घालायची ठरल्यापासून त्यांनी तिचे सात आराखडे काढले होते. सातव्या आराखड्यात तर बसणाऱ्या माणसाच्या जागी नुसता एक त्रिकोण होता. ते म्हणाले, "विचार करत असेल."

"दहा तास? तुम्हाला तरी त्रिकोण काढायला एवढा वेळ लागला नव्हता."

आत खोलीत आमची लेक हसली. ती हसली की मी वाद तिथेच सोडते. ही माझी जुनी सवय आहे, कारण मधली काही वर्षं ती फारशी हसायची नाही.

तिची गोष्ट आधी सांगायला हवी, म्हणजे पडवीचं एवढं काय, ते कळेल. ती विसाव्या वर्षी आजारी पडली. आधी गालावर लाली, मग ताप, मग सांधे. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. ते मी पाठ केलं, पण लोकांना कधी सांगितलं नाही. त्याचा अर्थ एवढाच की ऊन लागलं की तिचं अंग तिच्याच जिवावर उठतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत मी खिडक्यांच्या काचांना जाड कागद चिकटवले आणि पोर आत बसली. आत बसूनच ती पुस्तकं बांधायला शिकली. शाळांची, वाचनालयांची फाटकी पुस्तकं घरी यायची आणि नवी पाठ लावून, शिवून परत जायची. बाहेर पडायची ती दिवेलागणीनंतर. अशी नऊ वर्षं गेली.

घर बांधायचं ठरलं तेव्हा आम्ही तिला विचारलं, तुला काय हवं? मोठी खोली, कागद कापायचं नवं यंत्र, काय म्हणशील ते. ती म्हणाली, "मला दिवसा बाहेर बसायचंय. आणि तिथून गल्लीतली माणसं जाता-येताना दिसली पाहिजेत. एवढंच."

डॉक्टर म्हणाले, पक्की सावली असेल, अंग झाकलेलं असेल, तर हळूहळू बसू द्या. पण पुन्हा मोठा झटका आला तर तो मूत्रपिंडांवर जाईल, मग माझ्या हातात फार काही राहणार नाही. म्हणून ही पडवी. बाकीच्यांच्या घरी पडवी म्हणजे चहा प्यायची जागा. आमच्या घरी ती चुकली असती तर पोर गेली असती, इतकी साधी गोष्ट होती.

संध्याकाळी सहा वाजता पत्रेवाले उठले आणि मला तीन प्रश्न विचारले. "इथं कोण बसणार? कधी बसणार? आणि कुठं बघत बसणार?"

मी सांगितलं, मुलगी बसणार, सकाळी दहा ते दुपारी दोन, गल्लीकडे बघत. "आणि तिच्या अंगावर ऊन यायला नको. तिला ऊन आवडत नाही."

"आवडत नाही, की सोसत नाही?"

"तुम्ही छप्पर घाला," मी म्हटलं. मला तो सूर चांगला येतो. नऊ वर्षं लोकांच्या चौकश्यांना उत्तरं देऊन मी विटले होते. कुणी हळहळायचं, कुणी औषधं सुचवायचं, एका बाईने तर लग्नाचं कसं करणार म्हणून माझ्याच खांद्यावर मान टाकून रडून घेतलं होतं. त्यामुळे मी सगळ्यांना एकच सांगायचे, तिला ऊन आवडत नाही. पत्रेवाल्यांनी विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या दांड्याला बांधलेली एक काठी सोडली. हातभर लांब, हाताळून काळी पडलेली, आणि एका अंगाला सुरीने पाडलेली एक खाच. मास्तर आराखड्यांची गुंडाळी घेऊन तयारच होते. पत्रेवाल्यांनी सातही आराखडे शांतपणे पाहिले, नीट गुंडाळून परत दिले आणि म्हणाले, "छान काढलेत. आता दोरा आहे का घरात?"

लेकीने आतून मेण लावलेला दोरा दिला, पुस्तकं शिवायचा.

"वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी," ते म्हणाले, "भर दुपारी ही काठी उभी केली, की तिची सावली टोकापासून या खाचेएवढी लांब पडते. त्या दुपारी ऊन घरात सगळ्यात आत शिरतं. त्या दुपारी जिथं पोचत नाही, तिथं वर्षभर कुठल्याच दुपारी पोचत नाही. छपराची कड जितक्या काठ्या उंच, तितक्या सावल्या ऊन आत येणार. बास, एवढंच गणित."

त्यांनी बांबू उभा करून छपराची कड कुठे येणार ते ठरवलं, दोऱ्याने उंची घेतली, काठी आडवी टाकत टाकत आत आले आणि दोन फरश्यांच्या फटीत एक खिळा ठोकला. "ऊन इथवर. याच्या मागं पोरीची खुर्ची. सकाळचं तिरकं ऊन अडवायला इकडं स्वयंपाकघराची भिंत आहेच, तिकडनं मी आडोसा करतो."

मास्तरांना हे पटेना. काठी आणि खाच म्हणजे काय शास्त्र झालं? त्यांनी कोष्टकं काढली, तासभर आकडेमोड केली आणि खडूने आपली रेघ मारली. ती खिळ्यापासून चार बोटं दूर पडली. मास्तर विजयी मुद्रेने चष्मा पुसू लागले. पत्रेवाल्यांनी बसून विडी ओढली. मग मास्तरांनी उजळणी केली, कारण उजळणी केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. उजळणीत सापडलं की त्यांनी उंची धरली होती ती फरशी बसवण्याआधीच्या जमिनीपासूनची. नवा आकडा घेऊन पुन्हा मोजलं, तर खडूची रेघ बरोबर खिळ्याच्या डोक्यावरून गेली.

मास्तर उकिडवे बसून त्या खिळ्याकडे बघत राहिले. मला म्हणाले, "अगं, मी तीस वर्षं मुलांना त्रिकोणमितीतला टॅन शिकवला. निम्म्यांना तो शेवटपर्यंत कळला नाही. आणि हा माणूस तो सायकलला बांधून फिरतो." त्यांच्या आवाजात असूया नव्हती, भक्ती होती. एरवी मी चिडवलं असतं, पण मलाही अंगावर काटा आला होता. भर उन्हाळ्यात बसून हा माणूस थंडीतल्या एका दुपारचं ऊन कुठे पडेल, तिथे खिळा ठोकत होता.

छपराची कड मात्र त्यांनी फार खाली घेतली होती. मास्तर उंच आहेत, बांबूला डोकं आपटलं. "जरा वर घ्या की."

"मास्तर, ऊन तुमच्यापेक्षा उंच आहे. त्याला वाकवायचं तर तुम्हालाही वाकावं लागेल."

त्यांची आणखी एक पद्धत होती. लोखंड आणायच्या आधी ते बांबूंवर जाड ताडपत्री बांधून खोटं छप्पर उभं करायचे. "आठ दिवस याच्याखाली राहून बघा. काय टोचतंय ते सांगा. लोखंड एकदा गाडलं की ते ऐकत नाही."

पाचव्या दिवशी लेक बाहेर आली.

लांब बाह्या, पायमोजे, डोक्याला रुमाल, तोंडाला मलम. दाराच्या उंबऱ्यावर ती थांबली. मग ती आली आणि खुर्चीवर बसली. अंगण लखलखत होतं. मागच्या सगळ्या अंगणात मी शुभ्र पांढऱ्या चकचकीत फरश्या घातल्या होत्या, गल्लीकडच्या बुटक्या भिंतीला पांढरा रंग दिला होता. मास्तर म्हणाले होते, मळतील. मी म्हटलं, मळू देत, मी पुसेन. नऊ वर्षं पोरीने कागद चिकटवलेल्या काचा पाहिल्या, आता तिच्या डोळ्यांना काहीतरी लख्ख दिसू दे. आणि ती बघत होती. गल्लीतून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली तर लेक तिच्याकडे अशी बघत राहिली, की ती बाई बिचारी पदर सारखा करायला लागली.

पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, तिसऱ्या दिवशी दोन तास. उन्हाचा एक कवडसाही तिच्या अंगाला लागला नाही. मास्तर हातात घड्याळ घेऊन पहारा करत होते.

तिसऱ्या संध्याकाळी तिला ताप भरला. सकाळी उठली तर हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, गळ्यावर लालबुंद चट्टे, आणि बोटं सुजून मिटेनात. आमची पाचावर धारण बसली. मास्तर तिला घेऊन रुग्णालयात गेले, मी मागून तिचे कपडे घेऊन निघाले, तर फाटकाशी पत्रेवाले. दोन माणसांबरोबर हातगाडीवर लोखंडी खांब घेऊन आलेले.

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या टपाल कचेरीला माहीत होतं. त्या दिवशी ते गल्लीलाही कळलं. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. तुमची काठी चुलीत घाला म्हटलं. दहा तास उन्हात बसायचं सोंग कशाला केलंत म्हटलं. माझी पोर गेली तर खिळे कुणाला ठोकणार आहात, असंही म्हटलं.

पत्रेवाल्यांनी मला अडवलं नाही. माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं लाल झालंय?"

"हनुवटीखाली! नाकाखाली! जिथे ऊन पोचायचा काही संबंधच नाही तिथे!"

मग त्यांनी आपली मान वर केली आणि हनुवटी मला दाखवली. तोपर्यंत मी त्यांचा चेहरा कितीदा तरी पाहिला होता, पण खालून कोण कुणाला बघतं? हनुवटीखालची, गळ्यावरची कातडी चेहऱ्यापेक्षाही काळी होती, जळून जळून जाड झालेली, सालं निघालेली.

"पत्र्यावर काम करणाऱ्याला ऊन वरनं कमी आणि खालनं जास्त लागतं," ते म्हणाले. "डोक्याला टोपी असते. हनुवटीला काय घालणार? मी सावली मोजली, ताई. फरशी नाही मोजली." आणि मग, अगदी हळू, "पण तुम्ही मला म्हणालात, तिला ऊन आवडत नाही."

मी त्यांना ओलांडून रुग्णालयात गेले. रस्ताभर ते वाक्य माझ्या मागे चालत होतं.

बारा दिवस लेक तिथे होती. आजार मूत्रपिंडांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला. घरी आली तेव्हा ती तिच्या खोलीत गेली, टेबलावरचा दिवा लावला आणि म्हणाली, "आई, पडवी राहू दे. मला आतच बरं." ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडली नाही, तिने अर्धवट राहिलेलं पुस्तक पुढे ओढलं आणि सुईत दोरा ओवला.

दुसऱ्या दिवशी मी पत्रेवाल्यांना शोधायला निघाले. विचारत विचारत गेले, तर ते एका गोदामाच्या छपरावर सापडले. दुपारची वेळ, नवे कोरे पत्रे, खालून ते नुसते उकिडवे बसलेले दिसत होते. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही, हातोडा चालू होता. शेवटी मी शिडीवर चढले. साठी ओलांडलेली बाई, साडी खोचून, चार पायऱ्या, पाच पायऱ्या, आणि माझं डोकं छपराच्या वर आलं.

ते दृश्य मी विसरणार नाही. सगळं छप्पर पेटल्यासारखं चमकत होतं आणि मधोमध हा म्हातारा बसला होता. टोपीची सावली त्याच्या कपाळावर होती, पण त्या सावलीच्या खाली सगळा चेहरा खालून उजळलेला, हनुवटी, नाकपुड्या, भुवयांच्या खालचा भाग. एवढ्यात माझ्याही गळ्याला चटका बसला. मी हात हनुवटीखाली धरला. ऊन वरून येत होतं, तरी पत्र्याकडे वळलेली हाताची मागची बाजू खालून भाजत होती. माझ्या पांढऱ्या फरश्या मला तिथे, शिडीच्या पाचव्या पायरीवर समजल्या.

आणि आणखी एक समजलं. हा माणूस चाळीस वर्षं असा दोन्हीकडून भाजून घेत होता, आणि त्यातून लोकांच्या घरी सावली तयार होत होती. मी कित्येक छपरांखाली बसले असेन. ते छप्पर घालताना कुणीतरी त्याच्या वर होतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं आणि खाली उतरून आले. भिंतीच्या आडोशाला बसलो. ते म्हणाले, "आता नीट सांगा."

आणि मी सांगितलं. आजाराचं ते लांबलचक नावसुद्धा सांगितलं. नऊ वर्षांत परक्या माणसाला पहिल्यांदाच. त्यांनी हळहळ केली नाही की औषध सुचवलं नाही. शेवटी म्हणाले, "मला अजून एकदा बसू द्या तिथं." माफी मागायची मात्र राहून गेली. खिडकीमागे आयुष्य गेलेल्या बाईला ते जमत नाही. तिथे माफी नेहमी पलीकडचा मागतो.

फरशी फोडायला घेतली तेव्हा पहिला घाव मी घातला. पत्रेवाल्यांनी हातोडा माझ्या हातात दिला होता, का दिला ते विचारायची गरज नव्हती. त्या पांढऱ्या फरशीवर हातोडा मारताना मला जे बरं वाटलं, तसं खूप दिवसांत वाटलं नव्हतं. दुसरा घाव मास्तरांनी घातला आणि स्वतःच्या अंगठ्यावर घातला. चमक नसलेल्या, काळ्या, खरबरीत दगडाच्या लाद्या आल्या. भिंतीला गडद हिरवा रंग आला, त्यावर वेल चढवायचा ठरला. ताडपत्रीच्या आतून काळपट रंगवलेली चटई लागली. पत्रेवाल्यांनी माझी कपड्यांची दोरी हलवली. "पांढरी चादर या बाजूला वाळत घालायची नाही." स्टीलची बादलीसुद्धा नळापाशी ठेवायची नाही, प्लास्टिकची ठेवायची. मी निमूट ऐकलं. मास्तर हे बघून चकित झाले, आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. खालून येणारा उजेड मोजायला पत्रेवाल्यांकडे काठी नव्हती. असलं काम त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ते दिवसभर विचार करत बसले, आणि मग त्यांनी लेकीकडे एक पांढरा कागद मागितला.

तो कागद त्यांनी खुर्चीवर बसणाऱ्याच्या हनुवटीच्या उंचीवर दोऱ्याने आडवा टांगला, आणि स्वतः खाली जमिनीवर उताणे पडून त्याची खालची बाजू बघू लागले. खालून उजेड जास्त असेल तर कागद लख्ख दिसणार, नसेल तर मळकट. तोच कागद नेऊन ते लेकीच्या खोलीत, तिच्या टेबलाशी, तिथेही जमिनीवर उताणे पडले आणि तो मळकटपणा डोळ्यांत भरून घेतला, कारण तेवढा उजेड लेकीला सोसत होता. मग पुन्हा बाहेर. सकाळी दहाला, बाराला, दोनला. फरशी बदलल्यावर, भिंत रंगवल्यावर, चटई लावल्यावर. पासष्ट वर्षांचा माणूस दिवसातून वीसवीसदा जमिनीवर लोळत होता. गल्लीतली माणसं भिंतीवरून डोकावून जायची. एकाने मास्तरांना हळूच विचारलं, यांना काही होतंय का?

लेक खिडकीच्या पडद्याआडून बघायची. चार दिवस ती काही बोलली नाही, मागितला की नवा कागद द्यायची तेवढंच. पाचव्या दिवशी पत्रेवाले पडवीच्या एका कोपऱ्यात पडलेले असताना आतून आवाज आला, "काका, तिथे नाही. थोडं उजवीकडे. मी बसते तेव्हा गल्लीकडे वाकून बघते. तोंड तिकडे येतं."

पत्रेवाले पडल्या पडल्या उजवीकडे सरकले. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. ती म्हणाली होती, मी बसते. बसायचे, असं नव्हती म्हणाली.

बाहेरचा कागद आतल्याइतकाच मळकट दिसला, तेव्हा लोखंडी खांब गाडले, पत्रे चढले, त्यांच्या आतून तीच चटई लागली. नव्या काळ्या लादीत त्यांनी पुन्हा काठीने मोजून पुन्हा तोच खिळा ठोकला. लेक पाच मिनिटं बसली. दोन दिवस थांबून दहा मिनिटं. रोज संध्याकाळी मी तिची हनुवटी दिव्याखाली धरून बघायचे. दुधाने तोंड पोळलं होतं, ताकच काय, आम्ही पाणीसुद्धा फुंकून पीत होतो. महिना गेला, दोन गेले. तपासणीचे कागद बघून डॉक्टर म्हणाले, जे करताय ते करत राहा. तिचं शिवणीचं छोटं टेबल बाहेर आलं. गल्लीतल्या भाजीच्या पिशवीवाल्या बाईशी तिची ओळख झाली. बाईने एक फाटलेलं पुस्तक बांधायला दिलं.

थंडी पडू लागली तसं ऊन पडवीत शिरू लागलं. रोज दुपारी बाराला त्याची कड थोडी आणखी आत आलेली असायची. मास्तर खडूने रेघा मारायचे. लेकीची खुर्ची खिळ्यामागे होती. खिळा खरा ठरला तर ठीक. नाही ठरला तर ऊन असंच येत येत तिच्या पायांशी येणार होतं. कोष्टकांवर मास्तरांचा विश्वास होता, तरी त्यांची झोप उडाली होती. माझंही तेच. एक रेघ, दुसरी रेघ. शेवटच्या आठवड्यात रेघा इतक्या जवळजवळ आल्या की एकमेकींना चिकटल्या.

वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, सकाळी साडेअकराला, फाटकाशी सायकल वाजली.

पत्रेवाले आत आले, सायकल लावली, काठी सोडली. "दरवर्षी या दिवशी मी एका छपराखाली जाऊन खिळा तपासतो," ते म्हणाले.

"एकाच?" मास्तरांनी विचारलं.

"बारा एकदाच वाजतात, मास्तर. एका वेळी एकाच ठिकाणी उभं राहता येतं."

मला माहीत होतं की या गावात त्यांनी शेकड्यांनी छपरं घातली आहेत. वर्षातली ती एकच दुपार त्यांनी आमच्या छपरासाठी ठेवली होती.

आम्ही चौघं उन्हाकडे बघत उभे राहिलो. म्हणजे तिघं उभे, लेक खुर्चीत बसलेली, पायमोज्यातले पाय नीट जोडून. ऊन काळ्या लादीवरून आलं. त्याची कड खिळ्याच्या डोक्याला टेकली. खिळा चकाकला. मास्तर घड्याळाकडे बघत पुटपुटत होते. बारा झाले, बारा वाजून पाच झाले, आणि ऊन तिथेच होतं. मग त्याची कड हलली, पण पुढे नाही, बाजूला. खिळ्याची चमक विझली.

लेकीने पाय पुढे केला. मी ओरडणार होते, पण पत्रेवाल्यांनी हात वर केला. तिने अंगठा बरोबर खिळ्याच्या मागे, सावलीच्या काठावर टेकवला. नऊ वर्षांत ऊन तिच्या इतक्या जवळ आलं नव्हतं. ती खाली वाकून त्याच्याकडे बघत होती, आणि तिला भीती वाटत नव्हती. हे मी शपथेवर सांगते, कारण त्या चेहऱ्यावरची भीती मला पाठ होती, आणि त्या दुपारी ती तिथे नव्हती.

"वर कर," पत्रेवाले म्हणाले. तिने हनुवटी वर केली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं, अगदी डॉक्टरांसारखं, आणि मान डोलावली.

"काका, आता बसा," लेक म्हणाली.

"मी कधी बसत नाही छपराखाली. काम झालं की पुढचं छप्पर."

"बसा म्हणते ना."

मास्तरांनी खुर्ची आणली. पहिल्या दिवशी त्यांनी मागितली होती, तीच. पत्रेवाले अवघडून काठावर बसले, मग टेकून बसले. लेकीने सुई घेतली आणि मांडीवरचं पुस्तक शिवायला लागली. दोरा कागदातून ओढल्याचा बारीक आवाज येत होता.

मी पाणी आणायला आत गेले. मनाशी ठरवलं होतं की आता पेला हातात देताना बोलायचं. फाटकाशी जे बोलले ते चुकलं, माझं चुकलं, एवढंच. दोन शब्दांचं तर काम. बाहेर आले तर पत्रेवाल्यांची मान मागे कलली होती, तोंड किंचित उघडं, आणि ते गाढ झोपले होते. गळ्यावरची ती जळकी कातडी वर आली होती, आणि तिच्यावर सावली होती.

लेकीने ओठांवर बोट ठेवलं. मी पेला घेऊन तिथेच उभी राहिले, ते जागे होईपर्यंत.